प्रोस्टेटचा कर्करोग : पुढे सरकणारा कोणता, जागीच राहणारा कोणता?

निदान झाले की घरातील सर्वांची पहिली मागणी 'लवकर काढून टाका' हीच असते. गेल्या तीस वर्षांचे संशोधन मात्र सांगते की, उपचार ठरवण्याआधी आजाराचा स्वभाव ओळखावा लागतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील घरांत साठी ओलांडलेल्या पुरुषाच्या लघवीच्या तक्रारीकडे आजार म्हणून क्वचितच पाहिले जाते. रात्रीतून तीन-चार वेळा उठावे लागते, धार बारीक झाली आहे, एसटीचा लांबचा प्रवास असला की तासभर आधीपासून पाणी पिणे बंद करावे लागते. या सर्वांवर 'आता वय झाले' एवढेच उत्तर मिळते. बहुतेक वेळा ते उत्तर बरोबरही असते. वयोमानाने प्रोस्टेट ग्रंथी फुगते आणि ती वाढ कर्करोगाची नसते. परंतु याच वयात, याच ग्रंथीत कर्करोगही होतो, आणि तो प्रत्येक पुरुषात सारखा वागत नाही.

दोन घरांची चित्रे डोळ्यांसमोर आणावीत. एका घरातील आबा बासष्ट वर्षांचे आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांची संपूर्ण आरोग्यतपासणी करवून घेतली. रक्तातील पीएसए ६ आले, पुढे बायॉप्सी झाली आणि अहवालात कर्करोग हा शब्द आला. आबांना कसलाच त्रास नाही. घर मात्र हादरून गेले आहे. दुसऱ्या घरातील अण्णा एकाहत्तर वर्षांचे आहेत. सहा महिने कंबर दुखत होती. शेतात वाकून काम केल्यामुळे दुखते, असे समजून तेल चोळले, पट्टा बांधला, वेदनाशामक गोळ्या घेतल्या. शेवटी तपासले तेव्हा पीएसए शेकड्यांत गेले होते आणि आजार हाडांपर्यंत पोहोचला होता.

दोन्ही अहवालांत आजाराचे नाव एकच आहे. तरीही पहिल्या घराला कदाचित कोणत्याही शस्त्रक्रियेची गरज नाही आणि दुसऱ्या घराला एक आठवडाही दवडून चालणार नाही. हा भेद आधीच ओळखता यावा, यासाठीच या आजारावरील संशोधनाचा मोठा भाग खर्ची पडला आहे.

ग्रंथी लहान, आजार संथ

प्रोस्टेट म्हणजे पौरुषग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते. आकाराने साधारण अक्रोडाएवढी असलेल्या या ग्रंथीच्या मधून मूत्रमार्ग जातो. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. वयोमानाने होणारी साधी वाढ मूत्रमार्गाभोवतीच्या भागात होते, म्हणून ती लघवीला लवकर अडथळा आणते. कर्करोग मात्र बहुधा ग्रंथीच्या मागील, बाहेरच्या भागात सुरू होतो. त्यामुळे सुरुवातीच्या काळात तो कोणतेही लक्षण दाखवीत नाही. लघवीचा त्रास आहे म्हणजे कर्करोग आहे असे नाही, आणि त्रास नाही म्हणजे कर्करोग नाही असेही नाही. ही गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अन्य कारणांनी मृत्यू पावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनांतून असे दिसून आले आहे की, ऐंशीच्या घरातील सुमारे निम्म्या पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी असतात. त्यांना हयातीत त्याचा पत्ताही लागलेला नसतो. हा आजार अनेकांबरोबर केवळ राहतो. काहींच्या मात्र जिवावर उठतो.

भारतात २०२२ या एका वर्षात या कर्करोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण असावेत, असा जागतिक कर्करोग नोंदींचा अंदाज आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगातील वार्षिक रुग्णसंख्या २०२० मधील १४ लाखांवरून २०४० मध्ये २९ लाखांवर जाईल. याचे मुख्य कारण आयुर्मानातील वाढ हे आहे. पुणे, मुंबई, दिल्ली यांसारख्या शहरांच्या नोंदींत पुरुषांच्या आघाडीच्या कर्करोगांत प्रोस्टेटची गणना होते. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण नोंदींत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण शहरांपेक्षा बरेच कमी दिसते. त्यावरून गावे निर्धास्त आहेत, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. जिथे तपासणी कमी होते, तिथे नोंदही कमीच होणार.

पीएसए : उपयोगी, पण एकट्याने निर्णय न देणारी तपासणी

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले एक प्रथिन आहे. त्याचे प्रमाण रक्तात मोजता येते. अमेरिकेत १९८६ मध्ये रुग्णाच्या प्रगतीवर लक्ष ठेवण्यासाठी आणि १९९४ मध्ये निदानास साहाय्य म्हणून या तपासणीला मान्यता मिळाली. सामान्यतः एका मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम ही सीमा धरली जाते. वयानुसार ती थोडी वर सरकते.

हे प्रथिन कर्करोगाच्या पेशींप्रमाणे निरोगी पेशीही तयार करतात. म्हणून ग्रंथीची साधी वाढ, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, नुकतीच घातलेली लघवीची नळी किंवा नुकताच झालेला वीर्यपात यांमुळेही आकडा वाढतो. उलट, ग्रंथीची वाढ कमी करण्यासाठी दिली जाणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही औषधे काही महिने घेतल्यावर आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. अशा रुग्णाचा '३' हा आकडा प्रत्यक्षात '६' समजावा लागतो. तपासणीपूर्वी डॉक्टरांना सर्व औषधांची नावे सांगणे यासाठीच आवश्यक आहे. एकदा वाढलेला आकडा काही आठवड्यांनी पुन्हा तपासून पाहणे हीच बहुधा पहिली पायरी असते.

सरसकट सर्व पुरुषांची पीएसए तपासणी करावी का, हा प्रश्न जगभर वादाचा राहिला आहे. युरोपातील आठ देशांत १ लाख ६२ हजार पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे तेवीस वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीचे निमंत्रण मिळालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. साधारण ४५६ पुरुषांना तपासणीस बोलावले तेव्हा एक मृत्यू टळला. हा लाभ खरा आहे; पण त्याची किंमत म्हणून अनेकांच्या अशा गाठी सापडतात, ज्यांनी त्यांना कधीच त्रास दिला नसता. भारतात या कर्करोगासाठी राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम नाही. म्हणून पन्नाशीनंतर लाभ-हानी समजावून घेऊन डॉक्टरांशी बोलावे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. वडील किंवा सख्खा भाऊ यांना हा आजार झाला असेल, तर हे बोलणे पंचेचाळिशीच्या सुमारास व्हावे.

पीएसएहून अधिक नेमकी खूण मिळावी म्हणून आपल्याकडेही प्रयत्न झाले. मुंबईत परळ येथील प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. ए. आर. शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रोस्टेटमधीलच पीएसपी-९४ या दुसऱ्या प्रथिनाचा अभ्यास केला. पुढे डॉ. स्मिता महाले यांच्या गटाने त्याच संस्थेत हे काम चालू ठेवले. कर्करोग बळावतो तसे हे प्रथिन घटत जाते. २००८ मध्ये परदेशांतील मोठ्या जनुकीय अभ्यासांतही या प्रथिनाच्या जनुकाजवळील एका बदलाचा या कर्करोगाच्या धोक्याशी संबंध आढळला. रोजच्या व्यवहारात त्याने पीएसएची जागा घेतलेली नाही. तरी संशोधनाचा हा धागा मुंबईतून निघाला होता, याची नोंद असावी.

आजाराचा स्वभाव कसा ओळखतात?

निदान निश्चित होते ते बायॉप्सीने. सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेली श्रेणीपद्धत आजही वापरात आहे. पेशींची रचना मूळच्या ग्रंथीसारखी टिकून असेल तर कमी गुण आणि ती विस्कटून गेली असेल तर अधिक गुण, असे तिचे तत्त्व आहे. सर्वांत अधिक दिसणाऱ्या दोन रचनांच्या गुणांची बेरीज अहवालात लिहिली जाते. सध्या याच बेरजेवरून १ ते ५ असे गट पाडतात. बेरीज ६ म्हणजे गट १, ३+४ म्हणजे गट २, ४+३ म्हणजे गट ३, बेरीज ८ म्हणजे गट ४ आणि ९ किंवा १० म्हणजे गट ५. '६ गुण' वाचून अनेक घरे घाबरतात. वस्तुतः ही या मोजपट्टीची सर्वांत खालची पायरी आहे आणि अशी गाठ शरीरात अन्यत्र पसरण्याची शक्यता अत्यल्प असते. तसेच ३+४ आणि ४+३ यांची बेरीज सारखी असली, तरी दुसऱ्यात उग्र पेशींचे प्रमाण अधिक असते.

अमेरिकेतील डॉ. अँथनी डी'ॲमिको यांनी १९९८ मध्ये तीन गोष्टी एकत्र करून धोक्याचे गट पाडले. पीएसए १० पर्यंत, ग्लीसन बेरीज ६ पर्यंत आणि गाठ लहान असेल तर कमी धोका. पीएसए २० च्या वर असेल, किंवा बेरीज ८ अथवा त्याहून अधिक असेल, किंवा गाठ ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असेल तर अधिक धोका. या दोहोंच्या मधला तो मध्यम धोका. आजही उपचारांची चर्चा याच चौकटीत सुरू होते.

या चौकटीत अलीकडे आणखी साधनांची भर पडली आहे. बायॉप्सीपूर्वी केलेल्या एमआरआयवरून संशयित जागेला १ ते ५ गुण देता येतात आणि सुई नेमकी तिथे नेता येते. पीएसएमए पेट स्कॅनमध्ये कर्करोगाच्या पेशींवरील एका विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. त्यामुळे शरीरात अन्यत्र दडलेले लहान ठिपकेही दिसतात. ऑस्ट्रेलियात ३०२ रुग्णांवर झालेल्या २०२० च्या अभ्यासात या स्कॅनची अचूकता ९२ टक्के, तर सीटी आणि हाडांचा स्कॅन या जुन्या जोडीची ६५ टक्के आढळली. गाठीतील बावीस जनुके किती सक्रिय आहेत हे मोजून भविष्य वर्तवणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. बायॉप्सीच्या काचपट्टीचे चित्र संगणकाकडून वाचून घेण्याचे तंत्रही पुढे येत आहे. मध्यम व कमी धोक्याच्या १,५९४ रुग्णांच्या जुन्या नमुन्यांवर २०२३ मध्ये असा प्रयोग झाला. किरणोपचाराबरोबर संप्रेरक रोखणारे औषध दिल्याने ज्यांना विशेष लाभ झाला नसता, असे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण त्या तंत्राने वेगळे काढले. ही साधने महाग आहेत. आपल्याकडील बहुतेक निर्णय अजूनही पीएसए, ग्लीसन आणि एमआरआय यांच्याच आधारे होतात, आणि काळजीपूर्वक वाचले तर तेवढेही पुष्कळ सांगून जातात.

थांबणे हाही उपचार

कमी धोक्याच्या रुग्णाला आज अनेक डॉक्टर 'सक्रिय देखरेख' सुचवतात. याचा अर्थ दुर्लक्ष असा नव्हे. ठरावीक काळाने पीएसए, बोटाने तपासणी, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायॉप्सी करायची. आजार हलतो आहे असे दिसताच उपचार सुरू करायचे.

या पद्धतीला भक्कम आधार ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' अभ्यासाने दिला. गाठ ग्रंथीपुरती मर्यादित असलेल्या १,६४३ पुरुषांना देखरेख, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत विभागण्यात आले. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के आणि किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के होते. हा फरक नगण्य ठरला. आजार शरीरात पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीत ९.४ टक्के, तर उपचार घेतलेल्या दोन्ही गटांत सुमारे ५ टक्के होते. म्हणजे देखरेख निर्धोक आहे, पण ती नियमित असली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील नियंत्रण आणि लैंगिक क्षमता यांवर होणारा परिणाम अनेकांना वर्षानुवर्षे सोसावा लागतो. ज्याला गरज नाही त्याच्यावर हा भार का टाकावा?

आपल्या भागातील अडचण वेगळी आहे. देखरेख म्हणजे दर काही महिन्यांनी मिरजेला, कराडला किंवा साताऱ्याला खेप. सुगीत, घरच्या लग्नकार्यात ती हमखास चुकते. 'डॉक्टरांनी काही केले नाही, म्हणजे काही नाही' अशी समजूतही होते. ज्या घरात पुढील तपासणीची तारीख कोणीतरी आवर्जून सांभाळते, त्या घरासाठीच देखरेख हा योग्य पर्याय आहे.

मुंबईतून आलेला पुरावा

अधिक धोक्याच्या रुग्णांचा प्रश्न निराळा. गाठ अजून पसरलेली दिसत नाही, पण पसरण्याची चिन्हे आहेत, अशा वेळी किरणोपचार केवळ ग्रंथीला द्यावेत की ओटीपोटातील लसीका ग्रंथींनाही? या प्रश्नाचे महत्त्वाचे उत्तर महाराष्ट्रातून आले. टाटा स्मारक केंद्रात डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले. सर्वांना संप्रेरक-उपचार होतेच. पाच वर्षांनंतर पीएसए पुन्हा न वाढलेल्या रुग्णांचे प्रमाण केवळ ग्रंथीला किरण दिलेल्या गटात ८१.२ टक्के, तर लसीका ग्रंथींनाही किरण दिलेल्या गटात ९५ टक्के होते. 'पॉप-आरटी' या नावाने ओळखला जाणारा हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर चर्चिला गेला. एकूण आयुर्मानात तोवर फरक दिसला नव्हता, आणि विस्तृत क्षेत्राला किरण दिलेल्यांत लघवीचा त्रास अधिक होता. लाभ आणि किंमत असे दोन्ही मांडणारा हा निष्कर्ष असल्यानेच तो रुग्णाशी मोकळेपणाने बोलण्यास उपयोगी पडतो.

त्याच गटाचा 'प्राइम' हा दुसरा अभ्यास दूरवरच्या रुग्णांना अधिक जवळचा वाटेल. अधिक धोक्याच्या रुग्णांना पंचवीस दिवसांचे किरणोपचार देण्याऐवजी प्रत्येक वेळी मोठी मात्रा देऊन पाच दिवसांत ते पूर्ण करता येतील का, हे त्यात पडताळले जाते. कमी आणि मध्यम धोक्याच्या ८७४ रुग्णांवरील ब्रिटिश अभ्यासात पाच खेपांचा उपचार दीर्घ उपचाराइतकाच परिणामकारक ठरला. पाच वर्षांनी आजार पुन्हा न उद्भवलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ९५ टक्क्यांच्या आसपास होते. जत, आटपाडी, माण किंवा खटाव येथील शेतकऱ्याला पंचवीस दिवस घर आणि जनावरे सोडून शहरात खोली घेऊन राहणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. अर्धवट सोडलेले उपचार अनेकदा आजारापेक्षा या खर्चाने सुटतात.

आजार पसरला असेल तर

प्रोस्टेटचा कर्करोग टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे शिकागोतील चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरक रोखणे हाच आजही पसरलेल्या आजाराच्या उपचाराचा पाया आहे. त्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. दुसरा म्हणजे वृषणांची छोटी शस्त्रक्रिया. दोन्हींचा परिणाम सारखाच. शस्त्रक्रिया एकदाच करावी लागते, खर्च कमी येतो आणि इंजेक्शन चुकण्याची भीती राहत नाही. मात्र ती मनाला लागणारी गोष्ट आहे. हा निर्णय मुलांनी परस्पर घेऊ नये. वडिलांशी, शक्यतो आई-वडील दोघांशी, शांतपणे बोलूनच घ्यावा.

पूर्वी एवढ्यावरच थांबत असत. आता तसे थांबू नये. संप्रेरक-उपचाराबरोबर सुरुवातीलाच डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी दिलेल्या रुग्णांचे मध्यक आयुष्य ४४ महिन्यांवरून ५७.६ महिन्यांवर गेल्याचे अमेरिकेतील ७९० रुग्णांच्या अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवले. २०१७ मध्ये ॲबिराटेरॉन या गोळीने, अधिक धोक्याचा पसरलेला आजार असलेल्यांत मृत्यूचा धोका ३८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हाडांत मोजकेच ठिपके असतील, तर मूळ ग्रंथीला किरणोपचार दिल्यानेही आयुष्य वाढते, हे २०१८ मध्ये ब्रिटनच्या 'स्टॅम्पीड' अभ्यासातून कळले.

ॲबिराटेरॉनबाबत एक अभ्यास विशेष उल्लेखनीय आहे. ही गोळी नेहमी रिकाम्या पोटी १,००० मिलिग्रॅम घेतात. अन्नाबरोबर तिचे शोषण अनेक पटींनी वाढते. शिकागोतील संशोधकांनी ७२ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कमी स्निग्धांशाच्या न्याहारीबरोबर घेतलेली २५० मिलिग्रॅमची मात्रा पीएसए कमी करण्यात पूर्ण मात्रेइतकीच उपयोगी पडली. खर्च चौथ्या हिश्शावर आणणारी ही पद्धत परवड नसलेल्या रुग्णांसाठी विचारात घेतली जाते. तथापि, हा बदल डॉक्टरांनीच करायचा आहे. रुग्णाने आपल्या मनाने नव्हे.

पुढच्या टप्प्यावर ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी द्रव्य पीएसएमए शोधणाऱ्या रेणूला जोडून शिरेतून देतात. ते कर्करोगाच्या पेशींपाशी जाऊन तिथेच किरण सोडते. सर्व प्रचलित उपचार संपलेल्या ८३१ रुग्णांच्या अभ्यासात मध्यक आयुष्य ११.३ वरून १५.३ महिन्यांवर गेले. हे ल्युटेशियम भाभा अणुसंशोधन केंद्र तुर्भ्याच्या 'ध्रुव' अणुभट्टीत तयार करते, त्यामुळे देशातील रुग्णालयांना ते येथूनच मिळू शकते.

आणखी एक तपासणी साऱ्या घराशी संबंधित आहे. आजार पसरलेल्या ६९२ पुरुषांच्या २०१६ मधील अभ्यासात ११.८ टक्क्यांमध्ये जनुकीय दुरुस्तीच्या यंत्रणेतील वंशपरंपरागत दोष आढळला; त्यांत बीआरसीए-२ हे जनुक प्रमुख होते. असा दोष असल्यास ओलापॅरिब या औषधाचा उपयोग होऊ शकतो. हेच जनुक मुलींकडे गेले तर स्तन आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वडिलांच्या रक्ततपासणीतून लेकीला वेळीच सावध होता येते.

सांगलीची हळद आणि बाटलीतील गोळ्या

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतील कर्क्युमिन कर्करोग रोखते, असे सांगणारे संदेश घराघरांत फिरतात. प्रयोगशाळेतील पेशींवर कर्क्युमिनचा परिणाम दिसतो, हे खरे. माणसाच्या आतड्यांतून मात्र ते फारच थोडे शोषले जाते. कोरियातील ९७ रुग्णांवर सहा महिने कर्क्युमिन देऊन केलेल्या २०१९ च्या अभ्यासात, औषधांविना राहता येण्याचा काळ लक्षणीय वाढला नाही. भाजी-आमटीत हळद जरूर असावी. उपचाराच्या जागी ती ठेवू नये. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबाबत तर अधिक सावध राहावे. अमेरिकेत ३५,५३३ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले.

संप्रेरक-उपचार चालू असताना आहार-विहाराचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. या उपचाराने हाडे विरळ होतात, स्नायू झिजतात, वजन आणि रक्तातील साखर वाढते, अंगातून एकाएकी गरम वाफा निघतात. रोजचे चालणे, स्नायूंना ताण देणारा व्यायाम, पुरेशी डाळ, उसळ, दूध, दही आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांनी ही झीज बरीच आवरता येते. तंबाखूची मिश्री आणि विडी मात्र सुटलीच पाहिजे.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून कृष्णाकाठच्या या परिसराला वैद्यकसेवेची परंपरा आहे. आज मिरज, सांगली, कराड आणि सातारा येथे कर्करोगावरील उपचारांची सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राची भेट घेऊन, आपला उपचार योजनेत बसतो का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. भेटीस जाताना जुने अहवाल तारखेनुसार लावून न्यावेत आणि पुढील प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत.

१. पीएसए किती आहे, मागच्या वेळी किती होते आणि ते किती वेगाने वाढले?
२. ग्लीसनचे दोन्ही गुण कोणते? श्रेणीगट कोणता?
३. धोका कमी, मध्यम की अधिक? तो कशावरून ठरवला?
४. सध्या केवळ देखरेख ठेवता येईल का? नसल्यास का नाही?
५. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार या दोन्हींतील तज्ज्ञांचे मत घेतले आहे का?
६. किरणोपचारांच्या खेपा किती? कमी खेपांचा पर्याय आमच्यासाठी योग्य आहे का?
७. आजार पसरला असल्यास संप्रेरक-उपचाराबरोबर आणखी कोणते औषध द्यावे?
८. जनुकीय तपासणी करावी का?

दोन गोष्टींत मात्र प्रश्नांचीही वाट पाहू नये. लघवीत रक्त दिसले किंवा लघवी पूर्ण अडली तर लगेच डॉक्टर गाठावा. ज्याला हा आजार आहे त्याची पाठ एकाएकी तीव्र दुखू लागली, पाय लुळे पडू लागले किंवा मल-मूत्रावरील ताबा सुटला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. काही तासांच्या विलंबाने पायांची शक्ती कायमची जाऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतर पीएसए पुन्हा वाढू लागले तरी धीर सोडण्याचे कारण नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या १,९९७ पुरुषांच्या नोंदी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पीएसए वाढू लागल्यापासून आजार अन्यत्र दिसेपर्यंतचा मध्यक काळ आठ वर्षांचा होता, आणि हे आजच्या औषधांपूर्वीचे आकडे आहेत. हा आजार बहुतेकांना विचार करण्यास अवधी देतो. तो अवधी घाबरण्यात किंवा लपवण्यात न घालवता आजाराचा गट जाणून घेण्यात घालवला, तर ज्याला उपचार हवा त्याला तो वेळेवर मिळेल आणि ज्याला नको तो त्याच्या त्रासापासून वाचेल.